तासगावकर थांबत नाहीत

नेरूळ,
१४ जानेवारी १९९६

ती. ताई,

नमस्कार करतो, पण बसूनच. डॉक्टरांनी सध्या वाकायला मनाई केली आहे.

हॉस्पिटलातून घरी येऊन आज अठरा दिवस झाले. तू सांगलीला परत गेल्यापासून घरात शांतता आहे, म्हणजे मला कुणी रागावत नाही. औषधं पाच प्रकारची. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची बाटली शर्टाच्या खिशात सतत. जेवणात तेल नाही, तूप नाही, मीठ नावापुरतं. हिचा जीव कासावीस होतो वाढताना आणि माझा जेवताना.

डॉक्टरांनी चालण्याचा एक कागद करून दिला आहे. पहिले काही आठवडे घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं. मग इमारतीखाली दहा मिनिटं. सहाव्या-सातव्या आठवड्यापासून सपाट रस्त्यावर वीस मिनिटं, आणि पुढे हळूहळू अर्धा तास. म्हणाले, "निगुडकर, चालणं हे तुमचं सहावं औषध समजा. गोळीसारखं मोजून घ्यायचं. कमी नको, जास्त तर मुळीच नको. चालताना शेजारच्याशी सहज बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की थांबायचं." सध्या मी हॉलच्या खिडकीपासून ओट्यापर्यंत चालतो. एकोणीस पावलं होतात. सिडकोनं हे फ्लॅट बांधताना माझा विचार केलेला दिसत नाही.

तुझ्या हुकमाप्रमाणे सोसायटीत सगळ्यांना कावीळ असंच सांगितलं आहे. बिनतेलाचं जेवण आणि लांबलचक रजा, दोन्ही त्यात बसतं. फक्त उसाचा रस आवरेना. रोज कुणी ना कुणी तांब्या घेऊन येतं. तळमजल्यावरचे विलास सावंत तर परवा काविळीचं औषध देणाऱ्या वैदूलाच घेऊन आले. त्यानं माझे डोळे ताणून पाहिले आणि सांगितलं, "उतार पडलाय." हार्ट अ‍ॅटॅक आला म्हणून रडलेली मनाली त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

पण ताई, मला हे बरं वाटत नाही. तासगावकर दोन सेक्टर पलीकडे राहतात. त्यांचा प्रसाद चांगला मुलगा आहे. मनालीच्या ऑफिसात त्याचा फोन येतो, आणि आला की ती घरी येऊन आईला सांगते, आई मला सांगते. अशा घरात मुलगी द्यायची ती खोटं बोलून? सांगून टाकू का?

शाम


सांगली,
२२ जानेवारी १९९६

चि. शाम,

आशीर्वाद तर आहेतच. आज थोडी अक्कलही पाठवते.

'सांगून टाकू का' म्हणे! गेल्या वर्षी ते पुण्याचं स्थळ कशानं गेलं? पाहुणे चहा पीत होते, आणि तुझ्यातला हरिश्चंद्र जागा झाला. "आमच्या हिला डायबिटीस आहे, म्हणून ती बिनसाखरेचा घेते." आठ दिवसांत पत्र आलं की पत्रिका जुळत नाही. पत्रिका पहिल्या दिवशीच जुळली होती, शाम. जुळला नाही तो तुझा चहा.

आता काय म्हणतील? बाप आज आहे उद्या नाही, आईला साखर, पाठीला भाऊ नाही. म्हणजे सगळं घर जावयाच्या गळ्यात. लोक वाईट नसतात, पण हिशेबी असतात. मनाली सव्विसाची झाली. तुला खरेपणाचं समाधान हवं, पण त्याची किंमत ती भरणार, तू नाही.

साखरपुडा होऊ दे. मग मी स्वतः येऊन तासगावकर वहिनींना सांगेन. तोवर कावीळ. ती माणसं दहा वर्षं आमच्या शेजारी होती, गेल्या वर्षीच प्रसादच्या नोकरीसाठी तिकडे आली. मी त्यांना ओळखते. प्रत्येक घरात काहीतरी झाकलेलं असतंच, आणि मध्यस्थानं दोन्हीकडची झाकणं धरून बसायचं असतं. ते माझं काम. तू तुझं चालण्याचं काम कर. डॉक्टरांच्या कागदाबाहेर एक पाऊल टाकू नकोस.

ताई


नेरूळ,
१८ फेब्रुवारी १९९६

ती. ताई,

कागदाबाहेर पाऊल पडलं आहे. त्याचं कारण तुझेच शेजारी.

मी आठवड्यापासून रस्त्यावर चालायला लागलो. सकाळी साडेसहाला बागेच्या फाटकापासून निघायचं, पाच खांब पुढे, पाच खांब मागे. चौथ्या दिवशी समोरून अरविंद तासगावकर. पांढरे बूट, हातात काठी, ती टेकायला नव्हे, कुत्र्यांसाठी.

"अरे, निगुडकर! कावीळ उतरली वाटतं?"

"उतरली, उतरली."

"मग चला की. एकट्यानं चालायला कंटाळा येतो बुवा."

काय म्हणणार? होणारे व्याही. निघालो. हा माणूस चालतो की पळतो? वयानं माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे, पण पाचवा खांब कधी गेला ते कळलं नाही. मी मागे पडू लागलो की ते वळून बघतात. मग मी पुन्हा बरोबरीनं. बोलणं मात्र दोघंही सोडत नाही. मी बोलतो ते दम लागला नाही हे दाखवायला. एक वाक्य बोलायचं आणि दुसऱ्यासाठी श्वास साठवायचा.

एक बरं आहे. माणूस फार चौकस. नवी इमारत दिसली की कमरेवर हात ठेवून उभे राहतात. "हे बघा, परवा पाचवा स्लॅब होता, आज सहावा." मग ते मजले मोजतात, खिडक्या मोजतात. नेरूळमध्ये इतकी बांधकामं चालू आहेत याबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा सिडकोचे आभार मानले. तेवढ्यात मी पाठ फिरवून गोळी जिभेखाली ठेवतो. एकदा त्यांनी पाहिलं. म्हटलं, "लवंग." ते म्हणाले, "मी आवळकाठी ठेवतो," आणि त्यांनीही काहीतरी तोंडात टाकलं.

पण 'थांबू या' असं तोंडानं कधी म्हणत नाहीत. पंधरा-पंधरा खांब होतात. घरी आलो की मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहतो. हिनं काल विचारलं, एवढं कशासाठी? मी म्हटलं, तासगावकर थांबत नाहीत.

माणूस मात्र मनापासून आवडला. मनालीबद्दल म्हणाले, "तुमची मुलगी समोरच्याचं ऐकून घेते. आमच्याकडे ती पद्धत नाही, आम्हाला शिकवायला लागेल तिला." सासरा असं बोलतो का कधी?

शाम


सांगली,
२६ फेब्रुवारी १९९६

चि. शाम,

पत्र मिळालं. फक्त दोन ओळी लिहिते, घाईत आहे.

त्यांच्याबरोबर चालू नकोस. वेळ बदल. तू संध्याकाळी जात जा. माणूस भला आहे, पण साखरपुड्याआधी एवढी सलगी बरी नव्हे. रोज भेटलं की कधीतरी तुझ्या तोंडून निसटेल. आणि चालायची वेळ आलीच तर तू हळू चाल. त्यांनाही हळू चालायला लाव. कुठल्या तरी निमित्तानं. एवढं ऐक.

ताई


नेरूळ,
१० मार्च १९९६

ती. ताई,

तुझं ऐकलं. ऑफिसात रुजू व्हायच्या आधी झोप पुरी व्हावी म्हणून आता संध्याकाळी जाणार, असं तासगावकरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सहाला खाली उतरलो तर ते फाटकाशी उभे! म्हणाले, "तुमच्यामुळे मीही वेळ बदलली. सकाळी तुम्ही नाही तर मजा नाही." आता अशा माणसाला टाळायचं कसं तूच सांग.

हळू चालायचं निमित्तही करून पाहिलं. म्हटलं, बूट चावतो. त्यांनी तिथल्या तिथे माझा बूट काढायला लावला, आत रुमालाची घडी घातली आणि म्हणाले, "आता पळा." त्यामुळे आता आम्ही बांधापर्यंत जातो. वस्तीचा रस्ता संपतो आणि खाडीकडचा मातीचा बांध लागतो तिथे. वारा चांगला असतो. इमारती मात्र नाहीत, त्यामुळे थांबायला जागा नाही.

बांधाच्या तोंडाशी करावे गावातली चंद्राबाई मासळीची पाटी घेऊन बसते. आमच्याकडून तिला काही मिळणार नाही हे तिला पहिल्या दिवशीच कळलं. पण ती आम्हाला रोज बघते. परवा ओरडून म्हणाली, "ओ काका, दोगांना बी दम लागलाय न् बसत कोनच नाय. पैज लावलीय काय?"

तासगावकर हसले. "आम्ही व्याही होणार आहोत, मावशी."

"मंग तर बसाच. व्याही बसून बोलतान, धावत नाय."

मी चपापलो. दम मला लागला होता, पण बाई बिचारी दोघांना म्हणाली. माझी लाज राखली.

आनंदाची बातमी शेवटी लिहितो. साखरपुडा अक्षय्य तृतीयेला, २० एप्रिलला ठरला. बागेजवळचा हॉल मिळाला आहे. मनालीची आई आतापासून कामाला लागली. सहा आठवडे फक्त, ताई. मग तू येशील, सांगशील, आणि मी पुन्हा पाच खांबांवर येईन. तासगावकरांना त्या दिवशी सगळं सांगून त्यांची माफी मागायची असं ठरवलं आहे. मला वाटतं ते रागावणार नाहीत.

छातीत अधूनमधून जड वाटतं. हिला सांगितलेलं नाही.

शाम


सांगली,
१८ मार्च १९९६

चि. शाम,

छातीत जड वाटतं हे तू मला लिहितोस आणि बायकोला सांगत नाहीस! उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा.

पाय मुरगळला म्हणून सांग आणि घरी बस. मी येईपर्यंत घराबाहेर चालू नकोस. यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन या आठवड्यात आहे, नाही तर आजच निघाले असते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येते. एक गोष्ट तुझ्याशी बोलायची आहे. पत्रात लिहिण्यासारखी नाही आणि तुमच्या शेजाऱ्यांच्या फोनवर बोलण्यासारखीही नाही. काळजीचं नाही. पण तोवर चालू नकोस.

ताई


नेरूळ,
३० मार्च १९९६

ताई,

अरविंदराव गेले. परवा, गुरुवारी संध्याकाळी. तार पोचली असेलच.

तुझं पत्र सोमवारी मिळालं होतं. डॉक्टरांकडे शुक्रवारची वेळ मिळाली. पाय मुरगळला असं सांगणार होतो, पण प्रसाद मंगळवारी घरी आला होता, त्यानं मला जिना उतरताना पाहिलं. खोटं उघडं पडलं असतं. म्हणून गेलो.

बांधावर शंभरेक पावलं गेलो असू. ते काहीतरी बोलत होते, हॉलच्या जेवणाबद्दल, जिलबी की श्रीखंड. वाक्य अर्ध्यावर राहिलं. मी वळून पाहिलं तर ते बांधावर बसले होते, जसं कुणी कंटाळून बसावं तसे. मग आडवे झाले. मी खिशातून माझी बाटली काढली. गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवायला वाकलो तर त्यांच्या मुठीत एक बाटली. बूच निघालं नव्हतं. तीच बाटली, ताई. त्याच गोळ्या. आवळकाठी नव्हती.

चंद्राबाई पाटी टाकून रस्त्याकडे धावली आणि रिक्षा घेऊन आली. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. प्रसाद आला. डॉक्टरांनी त्याला विचारलं, आधी काही त्रास? तो म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी एक अ‍ॅटॅक येऊन गेलाय." मी शेजारी उभा होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला वाटलं, त्यांचं लपवलेलं उघड झालं म्हणून मी असा बघतोय.

काल त्यांच्या घरी गेलो होतो. एक म्हातारी नातेवाईक हिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "मुलगी अजून घरात आली नाही तर हे. पायगुण म्हणायचा." मनाली हिच्या मागेच उभी होती. घरी आल्यापासून जेवलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी ते सांगलीत होते. तुमच्या शेजारी, भिंतीला भिंत. हिचं म्हणणं, त्यांनी तुझ्यापासूनही लपवलं असणार. मलाही तसंच समजायचं आहे. तू तसं लिही.

शाम


सांगली,
७ एप्रिल १९९६

चि. शाम,

तसं लिहिता येत नाही.

त्यांना अ‍ॅटॅक आला त्या दिवशी त्यांना हॉस्पिटलात घेऊन जाणाऱ्या गाडीत मी होते. तीन आठवडे त्यांचा डबा आमच्या घरून जात होता. बँकेची नोकरी त्यांनी मुदतीआधी सोडली ती त्यामुळेच. मनालीचं नाव मी सुचवलं तेव्हा वहिनींनी माझा हात धरला. "अरुणाताई, यांच्या दुखण्याचं तिकडे बोलू नका. एकुलता एक मुलगा, बाप असा, म्हटलं की मुलीकडचे मागे फिरतात." मी शब्द दिला. मग डिसेंबरात तुझं झालं, आणि मी तुला गप्प बसायला लावलं. मला वाटलं, दोन्हीकडे सारखंच आहे, म्हणजे कुणाची फसवणूक नाही. साखरपुड्यानंतर दोघांना समोरासमोर बसवीन आणि सांगेन, दोघंही हसतील. मी तो प्रसंग मनात रंगवूनसुद्धा ठेवला होता, शाम.

तुम्ही एकत्र चालता हे तुझ्या पत्रात वाचलं त्या दिवशी मी अंतर्देशीय घेऊन बसले आणि लिहिलं: 'त्यांनाही तुझ्यासारखंच आहे. दोघांनी सांगून टाका आणि सावकाश चाला.' एवढं लिहून झालं होतं. पत्ता घालायचा राहिला होता. मग वाटलं, शब्द दिला आहे. दीड-दोन महिन्यांत साखरपुडा होईलच. ते फाडलं आणि दुसऱ्यावर लिहिलं, 'वेळ बदल.'

ते इमारतींचे मजले का मोजत होते हे मला सांगलीत बसून कळत होतं. तुला शेजारी उभं राहून कळत नव्हतं, कारण ते मी तुला कळू दिलं नव्हतं.

मी येऊन वहिनींना सांगते. तुझं दुखणं मी लपवायला लावलं, दोष माझा, मुलीच्या पायाचा नाही. तू फक्त ये म्हण.

ताई


सांगली,
५ मे १९९६

चि. शाम,

महिना होत आला. तुझं पत्र नाही. अक्षय्य तृतीया गेली, त्या दिवशी मी कुठे जेवले नाही. रागावला असशील तर तसं लिही. शिव्या दे. पण तुझी तब्येत कशी आहे एवढं तरी दुसऱ्या कुणाकडून कळव. मनालीच्या आईलाही लिहिलं होतं, तिचंही उत्तर नाही.

ताई


नेरूळ,
२६ मे १९९६

ती. ताई,

रागावलो होतो. आता तेवढा नाही. तू एक ओळ लिहिली नाहीस, पण मी रोज त्यांच्या खांद्याला खांदा लावून होतो. 'थांबू या' एवढं म्हणायला मला सांगलीहून पत्र यायला हवं होतं का?

पंधरवड्यापूर्वी मी तासगावकर वहिनींकडे गेलो. तुझी वाट पाहिली नाही. हे मीच सांगायला हवं होतं. मनालीलाही बरोबर नेलं नाही. वहिनी आणि प्रसाद दोघंच होते. मी डिसेंबरपासूनचं सगळं सांगितलं. कावीळ नव्हती, हार्ट होतं, म्हणून मी बरोबरीनं चालत राहिलो, थांबलो असतो तर संशय आला असता.

वहिनींनी आत जाऊन पाणी आणलं. मग म्हणाल्या, "घरी आले की सोफ्यावर पडून राहायचे. पायातले बूट मी काढायची. मी म्हणायची, तुम्हाला डॉक्टरांनी काय सांगितलंय? तर म्हणायचे, काय करू, निगुडकर थांबत नाहीत."

मी म्हटलं, "मी घरी हेच सांगत होतो. त्यांचं नाव घालून."

त्यावर त्या रडल्या. मीही. प्रसाद उठून गॅलरीत गेला. नंतर वहिनींनीच सांगितलं की अरुणाताईंना शपथ त्यांनी घातली होती. "आता त्यांना काय बोल लावू? मीच त्यांचं तोंड बांधलं." तुला नमस्कार सांगितला आहे.

प्रसाद म्हणाला, "काका, तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तरी मी मनालीला हो म्हटलं असतं." मी घरी येऊन मनालीला विचारलं, तुला त्यांचं आधी कळलं असतं तर? ती म्हणाली, "बाबा, मला तुम्ही कुणी विचारलंच नाही." एवढंच म्हणाली.

लग्न वर्षाच्या आत, मार्गशीर्षात करायचं ठरलं आहे. साधं, घरच्या घरी. पायगुणाचं आमच्या घरात पुन्हा कुणी बोलणार नाही, असं वहिनींनी त्या म्हातारीला सगळ्यांदेखत सुनावलं.

आणि मी चालतो. डॉक्टर खूप रागावले, पण नवीन बिघाड काही नाही म्हणाले. सोसायटीत आता सगळ्यांना खरं सांगितलं. तर विलास सावंत मला बाजूला घेऊन म्हणाले, "मलाही यंदाच्या संक्रांतीला सौम्य झटका आला होता, घरी गॅस म्हणून सांगितलंय." वैदू आणणारा माणूस हा! आता तेही येतात. आणि प्रसाद येतो. ऑफिसातून आला की कपडे न बदलता येतो, माझ्या पावलाला पाऊल लावून चालतो. मी नुसता श्वास घेतला तरी थांबतो. "सावकाश, बाबा." गेल्या आठवड्यापासून काका सोडून बाबा म्हणायला लागला आहे.

म्हणूनच हे पत्र. वहिनींना मी सगळं सांगितलं असं वर लिहिलं आहे. एक सांगितलं नाही. तुलाही मार्चच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

त्या गुरुवारी बांधाच्या तोंडाशीच अरविंदराव थांबले होते. बघायला तिथे काहीच नव्हतं. म्हणाले, "निगुडकर, आज इथूनच परत फिरू या का?" दीड महिन्यात पहिल्यांदा. माझ्या छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं होतं. मला 'हो' म्हणायचं होतं, ताई, 'हो' तोंडात आलं होतं. पण वाटलं, मी इतक्या चटकन हो म्हटलं तर यांना कळेल. म्हणून थट्टा केली. "का हो, दमलात की काय? नवऱ्या मुलाचे वडील ना तुम्ही!"

ते हसले. म्हणाले, "छे, छे. चला." आणि माझ्या पुढे निघाले.

हे मी प्रसादला कसं सांगू? तो माझ्यासाठी थांबतो. हे फक्त तुला लिहिलं आहे. तुझ्यापाशी राहू दे. लग्न होऊ दे, मग बघू.

शाम


सांगली,
२ जून १९९६

चि. शाम,

पत्र तीनदा वाचलं. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते, आणि बोलून झाल्यावर मीही कुणाला सांगितलं नसतं. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

पण हे मी ठेवणार नाही. 'होऊ दे, मग बघू' हे माझं वाक्य आहे. तुझ्या अक्षरात ते वाचलं आणि मला ते कसं दिसतं हे पहिल्यांदा कळलं.

तू आधी मनालीला सांग. मग प्रसादला. वहिनींना सांगायचं की नाही हे प्रसादला ठरवू दे, त्याची आई आहे ती. त्यानं बाबा म्हणून तुझ्या शेजारी चालायचं असेल तर कुणाच्या शेजारी चालतोय हे त्याला कळलं पाहिजे. मार्गशीर्षात कळून उपयोग नाही. तेव्हा त्याला मागे फिरता येणार नाही, आणि आपण पुन्हा एकदा तेवढ्यासाठीच थांबलो असू.

लग्न मोडेल का? मोडू शकतं. मला माहीत नाही. जन्मभर लोकांची लग्नं जुळवली, पण हे मला सांगता येत नाही.

सांगताना रस्त्यावर सांगू नकोस. घरात, बसून सांग. तो काही बोलला तर ऐकून घे. उठून गेला तर हाक मारू नकोस, मनालीजवळ बस. मी शनिवारच्या सकाळी पोचते.

ताई